ढब्बू पैशाला भाव किती येतो?

सोलापुरात पेठेतला जुना वाडा उतरवायला काढला की जुने पैसे निघतातच. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, देव्हाऱ्यातल्या ताम्हनाखाली, कोनाड्यातल्या गडूत. राणीच्या मुखवट्याचे, राजाच्या मुकुटाचे, मधे भोक असलेले, चारमिनारचे, आणि एखादी झिजून गुळगुळीत झालेली शिवराई. मग घरातलं कुणीतरी मोबाइल पुढे करतं. त्यात एक माणूस असाच भोकाचा पैसा हातात धरून सांगत असतो, की याला दहा लाख मिळतात, खालच्या नंबरवर फोन करा.

या लेखाचा हेतू एवढाच, की तो फोन करण्याआधी आपल्या हातात काय आहे, त्याला खरोखर काय येतं आणि ते कळून घ्यायला किती खर्च येतो, हे तुम्हाला ठाऊक असावं. घरात निघालेल्या शंभर पैशांपैकी बहुतेकांची किंमत दहा-वीस ते दीडदोनशे रुपयांच्या आत असते. एखादाच वेगळा निघतो. तो वेगळा कशामुळे, हे ओळखता आलं की उरलेले नातवंडांना वाटून टाकले तरी हळहळ वाटायला नको.

सुरुवात मोडीच्या हिशोबाने करावी, कारण त्याखाली कुठलंच नाणं जात नाही. राणी व्हिक्टोरियाचा पाव आण्याचा तांब्याचा पैसा ६.४८ ग्रॅमचा. तांबं हजार रुपये किलो धरलं, तर त्यात साडेसहा रुपयांचं तांबं आहे. १९०६ पासून तांब्याऐवजी कांसं आलं आणि वजन ४.८६ ग्रॅमवर उतरलं, म्हणजे मोड आणखी कमी. चांदीच्या रुपयाची गोष्ट वेगळी. ब्रिटिशांचा कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात हजारी ९१७ चांदी, म्हणजे निव्वळ चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. त्या दिवशीचा ग्रॅमचा भाव घ्या आणि गुणा. कुठल्याही सराफाने त्याच्या जवळपास द्यायला हवं. पण १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली, म्हणून तिथे ५.८ ग्रॅमच धरा. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, त्यात चांदी अजिबात नाही. या एका फरकापायी अनेक घरांत चुकीचे हिशोब मांडले जातात. रुपया चांदीचा आहे एवढं ऐकलेलं असतं, साल कुणी पाहिलेलं नसतं.

मोडीच्या वर जे काही मिळतं, ते संग्राहक देतो. आणि संग्राहक वयाला पैसे देत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची सातवाहनांची साधी शिशाची किंवा पोटीनची नाणी काही शे रुपयांत मिळतात, आणि १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया पाच-सहा आकड्यांत जातो. पहिलं नाणं म्हातारं आहे, पण त्याची भावंडं भरपूर उरली आहेत. दुसरं आपल्या आजोबांच्या वयाचं, पण त्या सालचे रुपये उरलेच फार थोडे. ब्रिटनमध्ये १९३३ साली बाजारात पेनी इतक्या खेळत होत्या, की नव्या पाडायची गरजच पडली नाही. कोनशिलेखाली ठेवायला आणि संग्रहालयांना द्यायला म्हणून सातेक पाडल्या. आज जगातल्या सर्वांत नावाजलेल्या पेनीत त्यांची गणना होते, आणि चर्चच्या कोनशिलेखालून तशी एक पेनी चोरीलाही गेली. अमेरिकेत १९४३ साली युद्धामुळे सेंट पोलादाचा केला, पण काही तांबड्या चकत्या चुकून यंत्रात राहून गेल्या. त्या वीसेक सेंटना आज प्रचंड किंमत आहे.

आपल्याकडच्या भोकाच्या पैशाचा जन्मही त्याच युद्धातला. धातू वाचवायचा म्हणून १९४३ मध्ये पैशाच्या मधोमध भोक पाडलं. १९४७ पर्यंत तो चालला. मुंबई, कोलकाता आणि लाहोर तर होतेच, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या टांकसाळीतही आपला पैसा पाडून आणला. इतक्या ठिकाणी, इतक्या प्रचंड संख्येने पडलेलं नाणं दुर्मीळ होणार कसं? मुकुटाच्या आकारातले फरक आणि सालाखालचा लाहोरचा ‘एल’ पाहून हौशी माणूस चार पैसे जास्त देईल. बाकी हा पैसा वीस ते पन्नास रुपयांचा. व्हिडिओवाल्यांचा सर्वांत लाडका पैसा हाच आहे, कारण तो प्रत्येक घरात सापडतो आणि त्यामुळे गिऱ्हाईकही प्रत्येक घरात सापडतं.

सोलापूरच्या पेटीत काय काय निघतं

हे शहर सीमेवरचं. पूर्वेला नळदुर्ग-तुळजापूरपासूनच निजामाचं राज्य लागे, दक्षिणेला विजापूर, आणि १८६० मध्ये रेल्वे आली तशी मुंबईची नाणी आली. त्यामुळे इथल्या पेट्यांत पुण्यापेक्षा जास्त जातीची नाणी निघतात. निजामाची हाली सिक्क्याची नाणी इथे घराघरांत होती. कलदार शंभर रुपयांना हाली ११६ रुपये दहा आणे आठ पै, हा हिशोब इथल्या आडत्यांना तोंडपाठ असे. हाली रुपयावर चारमिनार असतो आणि त्याच्या कमानीत एक अक्षर. महबूब अली खानाच्या काळात ‘मीम’, उस्मान अली खानाच्या काळात ‘ऐन’. भिंग घेऊन ते अक्षर पाहायची सवय लावा, कारण उस्मान अलीच्या कारकिर्दीच्या सुरुवातीच्या नाण्यांवर ‘ऐन’ पूर्ण आहे की अपुरा, यावर भाव बदलतो. तांब्याचे दोन पै मात्र तीस ते शंभर रुपयांतच जातात.

मला या शहराच्या नाण्यांत सर्वांत जास्त ओढ आहे ती खुद्द सोलापूर टांकसाळीची. औरंगजेबाच्या कारकिर्दीत इथे नाणी पडत होती. रुपया पडे आणि तांब्याचं नाणंही पडे, आणि त्यावर फारसीत ‘शोलापूर’ लिहिलेलं असे. दक्षिणेच्या मोहिमेत बादशहाची छावणी भीमेकाठी, माचणूरजवळ ब्रह्मपुरीला कित्येक वर्षं होती, हे ध्यानात घेतलं तर या भागात मोगली नाणी इतकी का निघतात ते कळतं. त्याच औरंगजेबाचा सुरतेचा रुपया बाजारात हवा तितका मिळतो आणि चांदीच्या भावाच्या थोडा वर विकला जातो. सोलापूरचा रुपया क्वचित येतो आणि संग्राहक त्यासाठी कितीतरी जास्त मोजतात. पण इथे एक मेख आहे. ही नाणी हाताने पाडलेली. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे टांकसाळीचं नाव पुष्कळदा चकतीच्या बाहेरच राहतं. नाव पूर्ण उमटलेला रुपया आणि नावाचा नुसता शेंडा उमटलेला रुपया, दोन्ही एकाच टांकसाळीतले, एकाच दिवशी पाडलेले असले तरी भावात दुप्पट-तिप्पट अंतर पडतं. म्हणून घरात फारसी अक्षरांचं जाड नाणं निघालं तर ते सराफाकडे मोडीला नेण्याआधी फारसी वाचता येणाऱ्या माणसाला दाखवा. सोलापुरात उर्दू जाणणारी जुनी माणसं कमी नाहीत. ‘जर्ब’ या शब्दाच्या शेजारी काय लिहिलंय एवढंच विचारायचं. हा सल्ला फुकटातला आहे आणि या सबंध लेखात याच्याइतकी मोठी रक्कम दुसरा कुठला सल्ला वाचवेलसं मला वाटत नाही.

शिवराईबद्दल मात्र हात जपून. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही त्याच लेखाची शिवराई ठिकठिकाणी पडत राहिली. खेड्यापाड्यांत ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालत होती. म्हणून ‘शिवराई म्हणजे महाराजांच्या हातची’ हे समीकरण धरून चालू नका. घरात निघणाऱ्या बहुतेक शिवराया नंतरच्या. अक्षरांच्या मधे दोन रेघा असलेली दुदांडी शिवराई तर सर्रास मिळते. साधी, झिजलेली, अर्धीच अक्षरं दिसणारी शिवराई पन्नास ते तीनशे रुपयांना मिळते. अक्षरं पूर्ण, ठसा मधोमध, बिंदूंचं कडं शाबूत, एखादं चिन्ह स्पष्ट, किंवा ‘शिव’च्या जागी ‘सिव’सारखं वेगळं लेखन, अशी असेल तर हजारांत जाते. सुरुवातीच्या काळातली म्हणून ओळख पटलेली असेल तर त्याहून वर. आणि नेमकी म्हणूनच शिवराई सर्वांत जास्त नकली केली जाते. नकली बहुधा ओतीव असते. अक्षरांच्या कडा साबणासारख्या बोथट, पृष्ठभागावर बारीक बारीक छिद्रं, कडेवर ओतकामाची रेघ, आणि एकाच माणसाकडे असलेल्या पाचही शिवराया वजनाने तंतोतंत सारख्या. हाताने पाडलेल्या नाण्यांचं वजन तसं जुळत नसतं. श्रद्धेपोटी घ्यायची असेल तर दोनशे रुपयांची घ्या आणि देवघरात ठेवा. गुंतवणूक म्हणून पंचवीस हजारांची शिवराई अनोळखी माणसाकडून कधीच घेऊ नका.

कंपनी सरकारचे पैसे दोन तऱ्हांचे. १८३५ पूर्वीच्या मुंबई इलाख्याच्या पैशावर तराजू आणि फारसीत ‘अदल’ म्हणजे न्याय. यातले काही तर इंग्लंडात मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडून जहाजाने आणलेले आहेत. शंभर ते चारशे रुपये, स्वच्छ असेल तर जास्त. १८३५ च्या कायद्याने सगळीकडे एकच नाणं आलं. त्या पाव आण्यावर सिंहांची ढाल. १८३५ हे साल पुढेही बराच काळ तसंच ठेवून तो पाडला गेला, म्हणून हा अफाट संख्येने आहे. पन्नास ते दोनशे रुपये. कंपनीचं नाव, १८१८ साल आणि रामदरबार किंवा हनुमान असलेलं नाणं निघालं, तर ते चलनातलं नाणं नव्हेच. कंपनीने असलं नाणं कधी पाडलं नाही. ते नंतर कुणीतरी विकण्यासाठी केलेलं टोकन आहे. पूजेला ठेवायला हरकत नाही. त्यासाठी लाख रुपये मागणाऱ्याला मात्र दारातूनच नमस्कार करा.

राणीचे पैसे १८६२ पासून. १८७६ पर्यंत त्यांवर ‘क्वीन’ आणि १८७७ पासून ‘एम्प्रेस’. पाव आणा पन्नास ते दोनशे, अर्धा आणा त्याहून कमी मिळतो म्हणून महाग. सातव्या एडवर्डचा आणि पाचव्या जॉर्जचा पाव आणा वीस ते शंभर. प्रजासत्ताकाचा १९५० चा घोडाछाप पैसा वीस ते साठ. त्यातला पहिला जाड नमुना असेल तर थोडा जास्त, म्हणून दोन-तीन असतील तर कडेकडून जाडी पडताळा. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि ‘नया पैसा’ सुरू झाला. जून १९६४ पासून ‘नया’ शब्द गेला. हे पैसे दहा ते तीस रुपये. १९६८ ते १९७१ च्या कमळाच्या वीस पैशात सोनं असल्याची अफवा एके काळी सगळीकडे पसरली होती. ते ॲल्युमिनियम-ब्राँझ आहे, सोनं एक गुंजही नाही.

हे सगळे भाव गिऱ्हाईकाने द्यायचे, आणि वापरलेल्या पण अक्षर वाचता येणाऱ्या नाण्याचे. तुम्ही विकायला गेलात तर व्यापारी यातले चाळीस ते साठ टक्के देईल. ते फसवणं नव्हे. त्याला भांडवल अडकवायचं आहे, आणि कदाचित वर्षभर गिऱ्हाईक येणार नाही.

चेहऱ्याची किंमत

दुर्मीळपणानंतर, आणि पुष्कळदा त्याच्याही आधी, पाहिली जाते ती अवस्था. १८६२ चा पाव आणा हातोहात फिरून काळपट, राणीचे केस सपाट झालेला, पन्नास रुपयांचा. तोच, टांकसाळीतून निघाला तसा, तांब्याची मूळ लाली अंगावर असलेला, हजारोंचा. संग्राहक जगभर शेल्डनची ७० गुणांची मोजपट्टी वापरतात. ६० च्या वर म्हणजे न वापरलेलं नाणं. तांब्यात रंगाचे आणखी तीन वर्ग: लाल, लाल-तपकिरी, तपकिरी. लाल ते तपकिरी या एका पायरीवर भाव निम्म्याहून खाली येऊ शकतो.

इथे घरोघर होणारं नुकसान सांगतो. पैसे निघाले, की बाईमाणसं मायेने आणि पुरुष उत्साहाने ते चिंचेने, लिंबाने किंवा पितांबरीने घासतात. पितळी समईसाठी जे योग्य, ते नाण्याला मारक. शंभर-दीडशे वर्षांत तांब्यावर जो पातळ थर बसतो तो नाण्याचं संरक्षण करतो, आणि संग्राहक त्याच थरावरून नाणं अस्सल असल्याचं ओळखतो. घासलेल्या नाण्यावर भिंगाखाली बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं, आणि तो रंग परत कधी येत नाही. पाचशेचं नाणं पाच मिनिटांत शंभराचं होतं. कुंकू-हळद चिकटलेली असेल तर नळाच्या पाण्यात बुडवून ठेवा, बोटाने हलकेच चोळा, मऊ कापडावर टिपून सावलीत वाळवा. बस.

पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळूतून मिळालेली नाणीही लोक आणून दाखवतात. वाळूने घासून त्यांची अक्षरं गेलेली असतात. फार दुर्मीळ नसेल तर त्यांना मोडीच्या आसपासच भाव येतो. दागिन्यात जडवलेल्या नाण्यांचंही तसंच. कडी डागली, भोक पाडलं, की नाणं म्हणून किंमत संपते. पण लमाण तांड्यांवरच्या जुन्या नाण्यांच्या माळा, हंसळ्या असतील तर त्या तोडून नाणी सुटी करू नका. तो दागिना म्हणून अखंड जास्त मोलाचा आहे, आणि तुटल्यावर त्याचे दोन्ही भाव जातात.

सोलापूरच्या हवेचा एक फायदा आहे. कोकणात तांब्यावर हिरवी बुरशीसारखी पूड लवकर धरते. इथली कोरडी हवा नाण्यांना मानवते. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर मात्र ठेवू नका. बाजारातल्या स्वस्त मऊ प्लॅस्टिकच्या पानांत पीव्हीसी असतं, उन्हाच्या तापाने ते नाण्यावर चिकट हिरवट थर सोडतं. पुठ्ठ्याच्या चौकोनी चौकटी घ्या, शेकड्याला दोन-चारशे रुपयांत मिळतात, आणि त्या बंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा.

ओळखायला खर्च किती

दहा पटींचं भिंग दोन-पाचशे रुपये. शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा तीन ते सहाशे. चुंबक घरात असतोच. तांब्याचा म्हणवणारा पैसा चुंबकाला चिकटला तर प्रश्न मिटला. हजार रुपयांच्या आत एवढं होतं. वजन टिपा, व्यास मोजा, दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा आणि नुमिस्टासारख्या संकेतस्थळावर ताडून पाहा. मोगली, सुलतानी नाण्यांसाठी झेनो हा डेटाबेस आहे, ब्रिटिश भारतीय नाण्यांसाठी प्रिडमोरचा ग्रंथ आजही प्रमाण मानतात.

टांकसाळीची खूण बघायला विसरू नका. मुंबईचा हिरकणीसारखा चौकोन किंवा टिंब, कोलकात्याला खूण नाही, हैदराबादचा तारा, नोएडाचं गोल टिंब. एकाच सालचं नाणं एका टांकसाळीत कोटीने आणि दुसरीत काही हजारांनी पडलेलं असू शकतं. आणि साल बदललेलं नाही ना, तेही पाहा: १९३८ च्या रुपयावरचा आठ घासून नऊ करणारे कारागीर आहेत. भिंगाखाली त्या एका आकड्याभोवतीची जमीन खरवडलेली दिसते.

पत्रिका बसवून घेणं, म्हणजे नाणं सीलबंद डबीत प्रमाणित करून घेणं, हा खर्च बहुतेकांनी करू नये. एनजीसी आणि पीसीजीएस या दोन अमेरिकी संस्था जगभर मानल्या जातात. शुल्क, टपाल, विमा आणि मध्यस्थाचा आकार धरून नाण्यामागे काही हजार रुपये सहज जातात. नाणं वीस हजारांच्या खालचं असेल तर हिशोब बसत नाही. शिवाय कायद्याची अडचण आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं हे पुरावशेष. ते देशाबाहेर पाठवता येत नाही. राणीचा पैसा अमेरिकेत प्रमाणित करायला पाठवू म्हणणाऱ्याला हे विचारा. आणि न्यू जर्सीच्या मुलीला दिवाळीच्या फराळाबरोबर शिवराई देऊ नका. विमानतळावर ती जप्त होईल आणि मुलीला चौकशीला तोंड द्यावं लागेल. याच कायद्याने पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो, म्हणून व्यापाऱ्याला परवाना दाखवायला सांगण्यात संकोच नको.

दुसरा कायदा शेतकऱ्यांनी आणि वाडा पाडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. नांगराच्या फाळाला मडकं लागलं, भिंतीत गडू निघाला, तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. जमिनीत किंवा तिला जोडलेल्या बांधकामात दडवलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. लपवलं तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं आणि चौकशीत मालक कुणी ठरला नाही, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश, दोघांत वेगळा करार नसेल तर. सरकारने ठेवा स्वतःकडे घ्यायचं ठरवलं तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देतं. मजुराच्या हाताला लागलं म्हणून मालकाने हिसकावून घेणं आणि रात्रीतून सराफाकडे वितळवणं, यात मजुराचा हिस्सा जातो, शिवाय त्या गडूतल्या नाण्यांचा इतिहासही कायमचा जातो. कुठल्या नाण्याबरोबर कुठलं नाणं पुरलं होतं, हे अभ्यासकाला सोन्यापेक्षा मोलाचं असतं.

विकायचं कुठे

मंगळवार बाजारातल्या पथारीवर घेणं चालेल, विकणं नको. सराफाकडे चांदीचा रुपया मोडीच्या भावाने देण्याआधी साल आणि खूण बघा; तांब्याच्या पैशाला सराफ हात लावत नाहीत. बरं नाणं असेल तर हुतात्मा एक्स्प्रेसने पुणं गाठा. सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. पुण्यात संग्राहकांची संस्था आहे आणि नाणी-नोटांचं मोठं प्रदर्शन भरतं. एकाच छताखाली वीस-तीस व्यापारी भेटले की चौघांकडून भाव विचारता येतो. तो खरा बाजारभाव. विकायची घाई नसेल तर नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून चाललेलं नाणकशास्त्र संशोधन केंद्र आणि मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय एकदा बघा. अस्सल नाणं समोर पाहिलं, की नकली ओळखायला डोळा तयार होतो. मुलांना तर जरूर न्या.

फोनवरच्या गिऱ्हाईकाविषयी नियम एकच: विकणाऱ्याने कधीही पैसे भरायचे नसतात. नोंदणी फी, जीएसटी आगाऊ, ‘आरबीआय परवाना शुल्क’, कुरिअरचा विमा, अशा नावांनी आधी पाचशे, मग पाच हजार, मग पंचवीस हजार मागितले जातात, आणि नाणं तुमच्याकडेच राहतं. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला पत्रक काढून स्पष्ट सांगितलं आहे, की जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहाराशी बँकेचा संबंध नाही आणि असं शुल्क घ्यायला कुणालाही अधिकार दिलेला नाही. २०१२ चं वैष्णोदेवीचं पाच आणि दहा रुपयांचं नाणं लाखांना जातं, हीही त्याच टोळक्यांची थाप. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येते.

खरोखर मोठं नाणं निघालं, म्हणजे पूर्ण नावाचा सोलापूर टांकसाळीचा रुपया किंवा तज्ज्ञाने पाहिलेला १९३९ चा, तर लिलावगृहाकडे जावं. मुंबई, बंगळूर, अहमदाबाद इथे परवानाधारक लिलावगृहं आहेत. लिलावगृह विकणाऱ्याकडून कमिशन घेतं आणि घेणाऱ्याकडून वरचा अधिभार. नाणं सोडण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: कमिशन किती टक्के, कमीत कमी कुठल्या बोलीखाली विकायचं नाही, विकलं गेलं नाही तर परतीचा खर्च कुणाचा, आणि पैसे किती दिवसांत. नाण्याचं वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचे फोटो त्या पावतीवर हवेत, नुसतं ‘जुना रुपया १ नग’ असं नको. लिलाव ते खात्यात रक्कम यात दोन-तीन महिने जाऊ शकतात, म्हणून लग्नाच्या किंवा दवाखान्याच्या तातडीच्या खर्चासाठी या वाटेवर भिस्त ठेवू नका.